साट्याचं रक्त

पळसतांडा, मार्गे महागाव
९ जानेवारी १९६०

मधू,

फुलचंदचं बोट मी सोडलं नाही. सुई टोचून झाली होती, काचेवर थेंब घेऊन झाला होता. तो हात मागे ओढत होता आणि मी बोटाच्या मुळाशी दाबून धरलं होतं. थेंबामागून थेंब तू दिलेल्या बाटलीत पडत होते.

"मास्तर, हिवतापवाले तं एकच थेंब नेतात," तो म्हणाला.

"तुला ताप जास्त दिसतो," मी म्हणालो.

बाया हसल्या. तोही हसला. माझ्या बहिणीला घराबाहेर काढून आठ महिने झाले, आणि तो माझ्यासमोर हसला.

हिवतापाच्या खात्याचा गोविंदा आमच्या दोन्ही तांड्यांत रक्ताच्या काचा घेत फिरतो आहे. मास्तर सोबत असल्याशिवाय लोक बोट पुढे करत नाहीत, म्हणून तो मला बरोबर घेतो. बाटल्या कशाच्या, हे त्यानं विचारलं नाही. फुलचंदच्या बापाचं, शंकरसिंगाचं, रक्त तर आपण होऊन मिळालं. तो तांड्याचा नाईक, आणि आधी नाईकानं दिलं की तांडा देतो. पगडी सावरून तो खाटेवर बसला आणि बोट पुढे केलं. "घे मास्तर. जावई हायेस, मागितलं असतंस तर तांब्याभर देलं असतं." मी मान खाली घालून टोचलं.

तू मानीच्या पोरांचं पुन्हा क्रमानं लिही म्हणालास. थोरला चार वर्षांचा होऊन गेला, धाकटा सहाव्या वर्षी. दोघांचंही सारखंच. आधी हातापायांचे पंजे सुजायचे. मग सांधे धरून रडायचे. डोळे पिवळे, ओठ पांढरे. शेवटी ताप. धाकट्याच्या तेराव्यानंतर शंकरसिंगानं पंच बसवले आणि सुनेला डाकण ठरवलं. पोटची दोन्ही खाल्ली म्हणे. तिच्या केसांतली घुगरी भर बैठकीत काढून घेतली. आमच्यात घुगरी नवऱ्याच्या मागेच उतरते. फुलचंद जिवंत असून शेजारी उभा होता. मानी मोकळ्या केसांनी चार कोस चालत माझ्या दारात आली.

आमचं लग्न साट्यालोट्याचं. मानी त्यांच्याकडे दिली, फुलचंदची बहीण नंदा आमच्याकडे आली. साट्याचा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. तिकडे मारली की इकडे मारायची, तिकडे काढली की इकडे काढायची. आई रोज ऐकवते, "साट्याची लेक दारात अन् साट्याची सून घरात? कोणत्या तोंडानं जेवतं रे?" तिनं नंदाची ट्रंक दोनदा अंगणात ठेवली. मी दोनदा आत आणली. नंदानं मला काय केलं आहे?

मला शंकरसिंग हवा आहे. होळीला दोन्ही तांड्यांचे पाहुणे जमतात, तिसऱ्या दिवशी नसाब बसतो, म्हणजे पंचांची मोठी बैठक. तिथे सगळ्यांपुढे कागद वाचून मला सांगायचं आहे की रोग तुझ्या रक्तातून आला. त्याची मान खाली गेलेली पाहायची आहे. बाकी काही नको.

बाटली एक फुलचंद, दोन मानी, तीन शंकरसिंग. तुलनेसाठी दोन निरोगी माणसं तू मागितली होतीस. चारमध्ये माझं रक्त आहे, पाचमध्ये नंदाचं. बिस्किटांच्या डब्यात नंदानं बाटल्या बसवून दिल्या. पुसदहून पूनमसिंग ड्रायव्हर डबा नेईल, आमच्यातलाच आहे.

आमच्या मथुरीच्या दोन्ही हातांना सूज आहे. थंडी फार पडली. आई नातीला तेल चोळते.

तुझा,
रूपसिंग


नागपूर
१८ जानेवारी १९६०

प्रिय रूपसिंग,

डबा दुसऱ्या दिवशीच प्रयोगशाळेत पोचला. रक्त चांगलं होतं. तीनही नमुने मी स्वतः दोनदा तपासले.

काचेवर थेंब घेऊन त्यातला प्राणवायू काढून घेणारं औषध घातलं आणि अर्ध्या तासानं पाहिलं. तांबड्या पेशी गोल असतात. या वाकल्या होत्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार, विळ्यासारख्या. फुलचंदच्या, मानीबाईच्या, शंकरसिंगाच्याही. मग कागदाच्या पट्टीवर वीज सोडून रक्तातलं प्रथिन वेगळं केलं. तिघांच्याही पट्टीवर दोन डाग आले. एक तुझ्या-माझ्यासारखा, दुसरा मागे रेंगाळणारा.

सोपं करून लिहितो. रक्त तांबडं दिसतं ते हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे. त्याच्या अर्ध्या भागात साधारण तीनशे दुवे असतात, माळेत मणी असावेत तसे, ठरलेल्या क्रमानं. या रोगात त्या तीनशेंतला एकच दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. इंग्लंडात तीन वर्षांमागे हे सिद्ध झालं. एवढ्यानं होतं काय, तर प्राणवायू देऊन झाला की ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या होतात आणि पेशी विळा होते. विळे बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून सांधे दुखतात. लवकर फुटतात, म्हणून डोळे पिवळे होतात.

हे प्रथिन कसं विणायचं याची आज्ञा प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते, एक आईकडून, एक बापाकडून. तिला जीन म्हणतात. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस धडधाकट राहतो. फुलचंद, मानीबाई, शंकरसिंग असेच आहेत. आई आणि बाप दोघंही असे असतील, तर दर मुलामागे चारात एक वेळ अशी येते की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला जातात. मानीबाईंची मुलं तशी गेली. एक प्रत तिची, एक फुलचंदची. त्याला ती बापाकडून आली.

बाटली चार आणि पाच वाटेत फुटल्या. तुलनेला माझं रक्त वापरलं, त्यामुळे काही अडलं नाही. पुन्हा पाठवू नकोस.

मथुरीच्या हातांना तेल चोळू नका. कोमट फडक्यानं शेका. पाणी वरचेवर पाजा, थंडीत बाहेर नेऊ नका. ताप आला तर घरी थांबू नका, यवतमाळला आणा. बाबांकडे उतरा.

मधुसूदन


पळसतांडा
२९ जानेवारी १९६०

मधू,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मुलांना लवकर सोडलं आणि नाल्याकाठी जाऊन पुन्हा वाचलं. विळा हा शब्द फार आवडला. आता तो माझ्या हातात आहे.

तीन गोष्टी हव्यात.

कागदावर शिक्का पाहिजे. इंग्रजीत लिही, खाली मराठी. इंग्रजी असल्याशिवाय शंकरसिंग मानायचा नाही.

मानीची ओळ गाळ. फुलचंद आणि शंकरसिंग ही दोनच नावं ठेव. तू म्हणतोस अर्धा वाटा तिचा. असेल. तो अर्धा मला नसाबात वाचायचा नाही. त्यांनी वाचला होता का?

आणि पहिला कोण, ते सांग. शंकरसिंगाला कुणी दिलं? त्याच्या बापानं? आज्यानं? ज्यानं तो मणी बदलला त्याचं काही पाप असेल. काय केलं होतं त्यानं? मला नाव पाहिजे. आमच्यात भाट आहेत, सात पिढ्यांची नावं सांगतात. तू खूण दे, मी नाव काढतो.

बाटल्या फुटल्याचं नंदाला सांगितलं. तिनं ऐकलं आणि चुलीकडे गेली. मानी हल्ली बोलते. काल आईला म्हणाली, "याडी, माये केस बांधून दे." आमच्यात आईला याडी म्हणतात. आईनं बांधून दिले आणि मग दिवसभर नंदाला टोमणे मारले.

मथुरीचे हात उतरले. आता पाय सुजलेत.

रूपसिंग


नागपूर
६ फेब्रुवारी १९६०

प्रिय रूपसिंग,

मानीबाईंची ओळ मी गाळणार नाही. खोटा कागद मागितलास तर दुसरीकडून घे. खरा हवा असेल तर तीनही नावं राहतील. सोबत शिक्क्यासह पाठवतो आहे.

पहिल्याचं नाव कुणालाच सांगता येणार नाही. जीनमध्ये असा बदल होतो त्याला म्युटेशन म्हणतात. क्ष-किरणांनी होतो, काही विषारी रसायनांनी होतो, अणुबाँबच्या किरणांनी होत असावा म्हणून जपानात पाहणी चालू आहे. पण बहुतेक वेळा असलं काहीच झालेलं नसतं. पेशीची दुसरी पेशी होताना सगळ्या आज्ञा नव्यानं उतरवल्या जातात. कोट्यवधींत एखादी चुकीची उतरते. उतरवणारा कुणी नसतो, पाहणारा नसतो. ती चूक बीजात झाली तर पुढच्या सगळ्या पिढ्या तिचीच नक्कल काढत राहतात. ज्याच्यात ती पहिल्यांदा झाली त्याला काही दुखलंखुपलं नसेल. तो म्हातारा होऊन मेला असेल. त्यानं पाप केलं नाही, रूपसिंग. त्याला कळलंही नाही.

उलट एक सांगतो. आफ्रिकेत असं दिसलं आहे की ज्याच्याजवळ एकच बिघडलेली प्रत आहे, त्याला हिवताप मारत नाही, किंवा कमी मारतो. तुझे पूर्वज बैलांवर मीठ लादून रानारानांतून जायचे, लदेणीच्या वाटेवर मुक्काम करायचे. तिथे हिवतापानं माणसं पटापट मरत. जी उरली, त्यांच्यात ही चूक होती म्हणूनही काही उरली असतील. कदाचित तू आहेस तो तिच्यामुळे.

हे वाक्य वाचून रागावू नकोस.

एक कबुली. तुझ्या भागातल्या या रोगाबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही. मी निबंध लिहितो आहे. तू बाटल्या पाठवल्यास त्या सूड म्हणून. मी घेतल्या त्या निबंधासाठी. रक्त कोणत्या बहाण्यानं घेणार हे मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर नमुने मिळाले नसते, म्हणून विचारलं नाही.

मथुरीला पुढच्या आठवड्यात यवतमाळला आण. कारण विचारू नकोस, आण.

मधुसूदन


पळसतांडा
१६ फेब्रुवारी

मधूभाऊ,

मी नंदा. लिहिणं मले मास्तरानंच शिकवलं, तीन हिवाळे. चुकलं तर समजून घ्या. हे पत्र त्याइले माहीत नाही.

बाटल्या फुटल्या नाहीत. डब्यात कापूस मी दाबून भरला होता. एक बाटली दुसरीले लागत नव्हती. पूनमसिंगाले विचारलं, तो म्हणे डबा मांडीवर नेला. मंग पाचातल्या दोनच फुटल्या, अन् त्या नवराबायकोच्याच?

मानीचे दोन्ही पोरं मी मांडीवर घेतले आहेत. मथुरीचे हात सुजले तवाच मी ओळखलं. पयले हात, मंग पाय, मंग डोळे. मास्तर म्हणतात थंडी. त्याइले माया बापाशिवाय काहीच दिसून नाही राह्यलं. तुमी पाणी पाजा, शेका, आणा म्हणता अन् काहून ते सांगत नाही. म्हणजे तुमाले माहीत आहे.

आता दुसरं. माही याडी हैज्यानं मेली असं बानं लग्नात सांगितलं. ते खोटं आहे. माये तीन भाऊ असेच मेले, हात सुजून. फुलचंद अन् मी राह्यलो. बानं तिलेही डाकण म्हटलं. तिची घुगरी त्यानं आपल्या हातानं काढली, मी सात वर्साची होती, मी पाह्यलं. आर्णीच्या वाटेवर निंबाखाली ती मेली. मंग मानीच्या वक्तीही तेच, तोच हात. मी काहीच बोलली नाही. साट्याची होती, बोलली असती तर कुठं गेली असती.

मास्तराचा सूड नऊ महिन्याचा आहे. माहा एकवीस वर्साचा.

मले पाचही नावाचा कागद पाहिजे. माहं नाव खोडू नका. माया नावावर पाठवा. टपालवाला मंगळवारी येते, तवा मास्तर शाळेत राह्यतात.

अन् मथुरी जगन का नाही ते लिहा. मी वाचून रडणार नाही. सासू पाह्यते.

नंदा


नागपूर
२३ फेब्रुवारी १९६०

नंदावहिनी,

बाटल्या फुटल्या नव्हत्या. मी खोटं लिहिलं. माफी मागतो.

रूपसिंगाच्या रक्तात तेच आहे. तुमच्याही. तुम्हा दोघांना त्यानं काही होणार नाही. मथुरीचं रक्त पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, पण तुम्ही ओळखलंत ते बहुधा बरोबर आहे. औषध अजून कुणाजवळ नाही. जपलं तर काही मुलं मोठी होतात. थंडी, तहान आणि ताप यांपासून जपायचं.

साट्यात दोन्ही घरांचं रक्त दोन्हीकडे गेलं. मानीबाईंचं जे झालं तेच तुमचं. यात बाईचा दोष जेवढा, तेवढाच पुरुषाचा. म्हणजे दोष नाहीच.

पाच नावांचा कागद सोबत आहे. तो वाचलात तर तुम्हालाही डाकण म्हणतील. मी जवळ नाही. नीट विचार करा.

रूपसिंगाला मी लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

मधुसूदन


यवतमाळ
१८ मार्च १९६०

मधुसूदन,

हे पत्र तुझ्या बाबांच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. त्यांनी दौत दिली.

परवाच्या मंगळवारी नसाब बसला. शंकरसिंगाच्या घरापुढे, दोन्ही तांड्यांचे मिळून दीडशे पुरुष, बाया मागे कुडाला टेकून. त्याच्या खाटेसमोर उभा राहून मी कागद वाचला. आधी इंग्रजी, मग मराठी. तीन नावं. मणी, विळा, चारात एक, सगळं सांगितलं. आवाज नीट लागला. एवढे दिवस घोकलं होतं.

शंकरसिंगानं संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मास्तर, हे रक्त कोणत्या बहाण्यानं नेलं?"

मी म्हणालो, हिवतापाच्या.

"म्हणजे चोरलं. चोरीच्या बैलाची साक्ष काढतं काय नसाबात?" लोक हसले. मग तो म्हणाला, "बरं, माहं पाह्यलं, फुलचंदाचं पाह्यलं. तुहं पाह्यलं का? भाऊ हायेस तू तिचा."

मी म्हणालो, माझी बाटली फुटली.

यावर जे हसू झालं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बळीराम पंच सत्तरीचा आहे, त्याचा हुक्का हातातून निसटला. "मास्तराची तेवढीच फुटली रे!" फुलचंद पोट धरून हसत होता.

तेव्हा नंदा पुढे आली. नसाबात बाई बोलत नाही. तिच्या कडेवर मथुरी होती, पायांना फडकी गुंडाळलेली. तिनं मथुरीला मानीकडे दिलं, चोळीतून कागद काढला आणि वाचला. अडखळत वाचला, बोटानं एकेक अक्षर धरून, मी शिकवलं तसं. चार, रूपसिंग राठोड. पाच, नंदाबाई. तुझी सही.

मला तिथे कळलं. दीडशे माणसांत, माझ्या आईसमोर. मथुरीचं मला तिथे कळलं.

मग ती बापाकडे वळली. "बा, याच्यात माहं नाव आहे, याइचं आहे, फुलचंदाचं आहे, तुहं आहे. याडीचं नाही. रक्त घ्याले ती राह्यली नाही. तीन पोरं मेले म्हणून तिची घुगरी काढली. दोन मेले म्हणून मानीची काढली. हे रक्त असणं म्हणजे डाकण, तं तुयापासून सुरू कर. काढ पगडी."

शंकरसिंग हसला नाही. तो म्हणाला, "पोरी, घरी जाय."

"काढ. माही घुगरी मंग काढ. आधी तुही पगडी."

बळीराम पंचानं हुक्का बाजूला सारला. तुझ्या याडीचं खरं का, असं त्यानं फुलचंदला विचारलं. फुलचंदनं बापाकडे पाहिलं. शंकरसिंगाच्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "हैजा नव्हता." बळीराम म्हणाला, "नाईक, निवाडा होऊस्तोवर पगडी खाली ठेव."

त्यानं ठेवली. आपल्या हातानं, खाटेच्या पायाशी.

हेच मला हवं होतं. दहा महिने मी हाच क्षण डोळ्यांपुढे आणून झोपत होतो. त्याच्या डोक्यावर केस विरळ आहेत. उजव्या बाजूला, कानाच्या वर, एक भोवरा आहे. मथुरीच्या डोक्यावर अगदी तिथेच आहे. मी त्या भोवऱ्याकडे पाहत राहिलो आणि मला त्याची मान खाली गेलेली पाहता आली नाही.

निवाडा असा. मानीवरचा आळ उठला. नाईकीची पगडी दुसऱ्याकडे गेली. लोक उठले ते शंकरसिंगाच्या घरचं पाणी न पिता. आमच्याही घरचं कुणी प्यायलं नाही. पंच म्हणतात डाकण नाही, बाया म्हणतात दोन्ही घरं नासलेली. यापुढे त्यांची पोर कुणी करणार नाही आणि आमचीही. या विळ्याला दोन्ही बाजूंनी धार आहे हे तू लिहिलं नव्हतंस.

तुझ्यावर माझा राग आहे. तू मला तीन नावं दिलीस आणि दोन ठेवून घेतलीस. मी तुला मानीची ओळ गाळायला सांगितली तेव्हा तू मला खोटा कागद मागतोस म्हणालास. नंदा म्हणते दोघंही सारखेच. निबंध लिही. त्यात आमची नावं घालू नकोस, आकडे घाल. मथुरीचं रक्त हवं असेल तर स्वतः ये आणि तिच्या आईला विचारून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलचंद दमणी जुंपून, घुगरी रुमालात बांधून, मानीला न्यायला आला. मथुरीला ताप होता. मानीनं तिला मांडीवर घेतलं आणि दमणीत बसली, नंदा आणि मी मागे बसलो. मानीनं त्याला महागावच्या मोटार अड्ड्यावर न्यायला सांगितलं. तिथे ती उतरली, रुमाल दमणीतच ठेवला आणि आमच्याबरोबर यवतमाळच्या मोटारीत चढली. फुलचंद रिकामी दमणी घेऊन परत गेला.

रूपसिंग